हत्यार आणि परवाना : अमेरिकेंतील संस्थानांच्या कायद्यांविषयीं दोन शब्द

अमेरिकेंतील बंदुकांचा विषय निघाला म्हणजे बहुधा दोनच मतें ऐकावयास मिळतात. एक पक्ष म्हणतो कीं, त्या देशांत हत्यार बाळगण्याचें स्वातंत्र्य पहिल्यापासून अनिर्बंध होतें आणि निर्बंध हें अलीकडचें खूळ होय. दुसरा म्हणतो कीं, कायदे कडक केले म्हणजे रक्तपात थांबेल, आणि ते न करणें हा केवळ हट्ट आहे. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं तेथील संस्थानांच्या कायद्यांचा इतिहास नीट पाहिलेला नाहीं. निर्बंध तेथें स्वातंत्र्याइतकेच जुने आहेत. आणि ते कोणावर व कोणाच्या मर्जीनें लादले गेले हें पाहिल्यावांचून त्यांच्या बरेवाईटपणाचा निवाडा करतां येत नाहीं.

संयुक्त संस्थानांपैकीं प्रत्येकास स्वतःची घटना, स्वतःचें कायदेमंडळ व स्वतःचें वरिष्ठ न्यायालय आहे. (संस्थान शब्दानें येथें राजेरजवाडे समजूं नयेत, हें आमच्या लहान वाचकांसाठीं सांगितलेलें बरें.) मध्यवर्ती घटनेच्या ज्या दुसऱ्या दुरुस्तींत लोकांचा शस्त्रें बाळगण्याचा हक्क नमूद आहे, ती १७९१ सालीं अमलांत आली. परंतु ह्या आरंभीच्या दुरुस्त्या मध्यवर्ती सरकारासच बांधतात, संस्थानांस बांधीत नाहींत, असें सुप्रीम कोर्टानें १८३३ सालीं बाल्टिमोरच्या एका खटल्यांत ठरविलें. त्यामुळें कोणीं कोणतें हत्यार कसें बाळगावें हा प्रश्न पुढें दीर्घ काळ ज्या त्या संस्थानानें आपापल्या समजुतीप्रमाणें सोडविला.

केंटकी व लुइझियाना ह्यांनीं १८१३ सालींच हत्यार लपवून बाळगण्यास मनाई केली. उघड कमरेस लाविलेलें हत्यार सरळ माणसाचें आणि कपड्याखालीं दडविलेलें दगलबाजाचें, अशी त्या काळची समजूत होती. केंटकींतील एका गृहस्थाच्या काठींत तलवार सांपडली; आपल्याकडे जिला गुप्ती म्हणतात तसलीच ती. त्यास दंड झाला. परंतु वरिष्ठ न्यायालयानें १८२२ सालीं तो कायदाच घटनाविरुद्ध ठरविला. तेव्हां १८५० सालच्या नव्या घटनेंत, लपविलेल्या हत्यारांस बंदी करण्याचा अधिकार कायदेमंडळास स्पष्ट शब्दांनीं देण्यांत आला. एका गुप्तीवरून निघालेला वाद असा घटनेपर्यंत गेला! आलाबामानें १८३७ सालीं बोवी नांवाच्या लांब सुऱ्याच्या विक्रीवर शंभर डॉलर कर बसविला, व दुसऱ्याच वर्षीं टेनेसीनें त्याची विक्री बंद केली. मॅसॅच्युसेट्सची रीत निराळी होती. तेथें १८३६ च्या कायद्यान्वयें, भीतीचें सबळ कारण नसतां हत्यार घेऊन फिरणाऱ्या मनुष्याविरुद्ध ज्यास त्याची धास्ती वाटे त्यानें तक्रार करावी, आणि मग त्या मनुष्यानें शांततेनें वागण्याबद्दल जामीन द्यावा, अशी तजवीज होती. आम्हांस ही रीत फार शहाणपणाची वाटते, व तिच्याकडे आम्ही शेवटीं पुनः वळणार आहों.

चित्रपटांत रंगविलेला पश्चिमेचा मुलूखही अगदींच बेबंद नव्हता. कॅन्सासमधील डॉज सिटींत गांवच्या नियमानें हत्यार घेऊन हिंडण्यास मनाई होती. अॅरिझोनांतील टूमस्टोन येथें २६ ऑक्टोबर १८८१ रोजीं जी प्रसिद्ध चकमक झाली, तिच्या आरंभीं गांवचे अंमलदार असल्याच एका नियमानुसार गुराख्यांचीं हत्यारें काढून घेण्यास निघाले होते. पडद्यावर गोळ्यांचे आवाज तेवढे ऐकूं येतात. नियम कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

येथवरचा इतिहास वाचून कोणी समाधान मानील. परंतु ह्याच कायद्यांची दुसरी बाजू काळी आहे. दक्षिणेच्या संस्थानांत गुलामांस, व बहुतेक ठिकाणीं गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीयांसही, हत्यार बाळगण्याची बंदी असे. १८५७ सालीं ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत मुख्य न्यायाधीश टॉनी ह्यांनीं कृष्णवर्णीयांचें नागरिकत्व नाकारतांना जीं कारणें दिलीं त्यांत हें एक होतें कीं, त्यांस नागरिक मानल्यास त्यांस शस्त्रें घेऊन कोठेंही जाण्याचा हक्क येईल. यादवी युद्धानें गुलामगिरी संपली. तथापि १८६५ सालीं मिसिसिपीनें लगेच कायदा केला कीं, सैन्यांत नसलेल्या कृष्णवर्णीयानें स्थानिक मंडळाच्या परवान्यावांचून बंदूक, काडतूस, कट्यार वा बोवी सुरा जवळ ठेवूं नये. परवाना हा निरुपद्रवी शब्द प्रथम कोणत्या कामीं आला, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

१८७३ सालीं पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले ह्यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें व गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस तें अर्पण केलें. त्याच वर्षीं, १३ एप्रिल रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, लुइझियानांतील कोलफॅक्स येथें सशस्त्र गोऱ्यांच्या जमावानें तेथील कचेरींत आश्रय घेतलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ला केला, आणि शरण आलेल्यांपैकींही अनेकांस ठार मारलें. आरोपींस झालेल्या शिक्षा सुप्रीम कोर्टानें १८७६ सालीं रद्द केल्या, व दुसरी दुरुस्ती मध्यवर्ती कायदेमंडळापुरतीच आहे असें पुनः सांगितलें. सारांश, कृष्णवर्णीयांस संस्थानांच्या मर्जीवर सोडून देण्यांत आलें.

१८६८ सालीं चौदावी दुरुस्ती झाल्यामुळें वर्णाचें नांव घेऊन कायदा करणें कठीण झालें होतें. म्हणून आतां शब्द सर्वांस सारखे आणि अंमल मात्र निवडक, ही युक्ति निघाली. फ्लॉरिडानें १८९३ सालीं पुनःपुनः झडणाऱ्या रायफलींसाठीं परवाना आवश्यक केला. कायद्याच्या मजकुरांत गोरा किंवा काळा असा शब्द नाहीं. परंतु १९४१ सालीं त्या कायद्याखालील एका खटल्यांत त्याच संस्थानाच्या न्यायालयाचे न्यायाधीश ब्यूफर्ड ह्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांस निःशस्त्र करण्यासाठींच केला होता व गोऱ्या लोकांस तो कधीं लावलाच नाहीं. इतकी सरळ कबुली न्यायासनावरून क्वचितच मिळते.

न्यू यॉर्कचा १९११ चा सुलिव्हन कायदा ह्या हेतूनें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. त्या शहरांत खुनांनीं खरोखरच भीति पसरली होती. परंतु लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठीं ‘योग्य कारण’ पाहिजे, आणि तें योग्य कीं अयोग्य हें अधिकाऱ्यानें ठरवावें, ही पद्धति तेथें रुजली व इतरत्रही तिच्यासारख्या पद्धती होत्या. अशा पद्धतींत काय घडूं शकतें? १९५६ च्या जानेवारींत आलाबामांतील माँटगमरी येथें धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनीं पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारण्यांत आला. ज्याच्या ओसरीवर बाँब फुटला त्याचें कारण योग्य नव्हे, तर कोणाचें योग्य असावें? पुढें किंग ह्यांनीं हत्याराचा विचारच सोडला ही त्यांची थोरवी. त्यायोगें नकार देणारा अधिकारी निर्दोष ठरत नाहीं.

ह्यावरून कांहीं लोक असें अनुमान काढतात कीं, परवान्याची पद्धतिच मोडावी. आज निम्म्याहून अधिक संस्थानांत प्रौढ मनुष्यास लपवून पिस्तूल बाळगण्यास परवाना लागत नाहीं. हें आम्हांस मान्य नाहीं. अधिकारी पक्षपाती निघाला तर त्याची मर्जी काढून घ्यावी. दार सताड उघडें टाकण्याचें कारण नाहीं. वय, शिक्षण, पूर्वीचे गुन्हे ह्यांच्या अटी कायद्यांतच लिहाव्या. त्या पुऱ्या करणारास परवाना मिळावा, न करणारास मिळूं नये, मग तो कोणाचाही कोणी असो. फ्लॉरिडानें १९८७ सालीं बरेंचसें असेंच केलें होतें. तेंही तिनें २०२३ सालीं सोडून दिलें.

सुप्रीम कोर्टानें २००८ सालीं हा हक्क व्यक्तीचा मानला, २०१० सालीं तो संस्थानांसही बंधनकारक केला, आणि २०२२ सालीं न्यू यॉर्कची ‘योग्य कारणा’ची अट रद्द केली. मर्जीची सत्ता गेली ह्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं; वाईट वाटतें तें ह्या निकालानें घालून दिलेल्या मापाचें. हत्यारांचा कोणताही कायदा त्या राष्ट्राच्या जुन्या परंपरेशीं जुळला पाहिजे, असें तें माप आहे. परंतु ती परंपरा घडत असतां स्त्रियांस मत नव्हतें, कृष्णवर्णीयांस नव्हतें. बायकोस मारणाऱ्याचें पिस्तूल काढून घ्यावें असा जुना कायदा सांपडत नाहीं, तो का सांपडत नाहीं हें सांगावयास पंडित नको.

हाच प्रश्न २०२४ सालीं टेक्सासमधून आलेल्या एका खटल्यांत उभा राहिला. जिच्याशीं संबंध होता त्या स्त्रीस धमकाविणाऱ्या व न्यायालयाच्या मनाईहुकुमाखालीं असलेल्या मनुष्यास बंदूक बाळगण्यास मध्यवर्ती कायद्यानें बंदी होती. ती बंदी कायम ठेवतांना कोर्टानें ज्या जुन्या कायद्यांचा आधार घेतला, त्यांत मॅसॅच्युसेट्सचा तो जामिनाचा कायदाही होता. आठ न्यायाधीश बाजूचे होते. विरुद्ध मत एकट्या न्यायमूर्ति थॉमस ह्यांचें. ते स्वतः जॉर्जियांतील कृष्णवर्णीय, आणि २०२२ चा निकाल त्यांनींच लिहिलेला.