मोडक्या वाद्याचा ताळेबंद

मोडके जुने वाद्य स्वस्तात घ्यावे, दुरुस्त करावे आणि चढ्या भावाने विकून टाकावे, असा एक धंदा हल्ली आपल्या अनेक विद्यार्थी मित्रांच्या डोक्यात घोळत असतो. गिटारवाल्यांच्या डोक्यात तर जरा जास्तच. याबाबत माझे मत स्पष्ट आहे. धंदा म्हणून हा व्यवहार बुडीत खात्यात जमा होणारा आहे. परंतु वाजवण्यासाठी आणि शिकण्यासाठी म्हणून केला, तर विद्यार्थ्याच्या हातून याहून चांगला खर्च क्वचितच होत असेल. ही दोन विधाने वरवर परस्परविरोधी वाटतील. ती तशी नाहीत, हे दाखवण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम वाद्याविषयी थोडे. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचे, खर्जाचे काम करणारे वाद्य. ऐकणाऱ्याचे तिच्याकडे लक्ष नसते. ती थांबली की मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीचे, उभे धरून वाजवायचे डबल बेस करीत असे. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी ते काम गळ्यात अडकवता येईल अशा विजेच्या वाद्यावर आणले. दांडीवर पडदे बसवल्याने स्वर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवले ‘प्रिसिजन’. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी दांडी धडाला चिकटवली नाही. चार स्क्रूंनी आवळली. बिघडली तर काढा, दुसरी बसवा! थोडक्यात, दुरुस्तीची सोय या वाद्याच्या जन्मातच आहे.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे वाणिज्याकडे वळू. यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा लावावा, असे आपण शिकतो. फेंडरच्या जुन्या गिटारींनी हा नियम उलटा केला आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने फेंडरचा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरना घेतला. पुढे माल घसरला अशी वाजवणाऱ्यांची तक्रार सुरू झाली, आणि १९८५ मध्ये कंपनीतल्याच काही अधिकाऱ्यांनी इतरांच्या साथीने ती सीबीएसकडून विकत घेतली. आज बाजारात ‘सीबीएसपूर्व’ एवढा एक शब्द वाद्याची किंमत वर नेतो. मालक बदलण्याच्या तारखेवरून मालाचा भाव ठरावा, याहून ‘ख्याती’ या प्रकरणाला चांगले उदाहरण कोणते?

पण हाच बाजार दुरुस्ती करणाऱ्याच्या मुळावर येतो. तिथे मोल आहे ते मूळपणाचे. मूळचा झिजलेला रंग काढून नवा चकचकीत रंग दिला, की वाद्याची किंमत जवळजवळ निम्म्यावर येते, असे त्या व्यापारात सरसकट मानतात. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखाली जो पोटेन्शिओमीटर असतो, त्याच्यावरचा आकडासुद्धा हे लोक तपासतात. समजा तिथे १३७६६३२ असे छापले आहे. १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३२ म्हणजे त्या सालचा बत्तिसावा आठवडा. हा सुटा भाग बिघडला म्हणून बदलला, तर वाद्य वाजू लागते आणि भाव उतरतो! म्हणजे तुम्ही जितकी मन लावून दुरुस्ती कराल, तितका संग्राहकाच्या नजरेत माल उतरणार. अशा धंद्यात नफा कुठून यायचा?

हे मी केवळ ऐकीव माहितीवर लिहीत नाही. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी, दोघे मराठी विभागातले आणि दोघे कन्नड विभागातले, गोव्यातल्या एका निवृत्त बँडवाल्याकडून जुनी जपानी बनावटीची बेस गिटार घेतली. पिकअप मुका, दांडीच्या स्क्रूंची भोके सैल झालेली, खुंट्या गंजलेल्या, आणि धडावरचा रंग उजव्या कोपराखाली पार लाकडापर्यंत झिजलेला. हिशेब असा : वाद्य ६,५०० रुपये, जाण्यायेण्याचा खर्च ८००, तारांचा संच १,७००, पोटेन्शिओमीटर, जॅक व वायर ४५०, पडदे सारखे करण्याची मजुरी १,६००, किरकोळ २५०. एकूण ११,३०० रुपये, म्हणजे माणशी २,८२५. आमच्या स्वतःच्या कामाचे साठ तास यात धरलेले नाहीत. तासाला अवघे ५० रुपये लावले तरी ३,००० वाढतात आणि आकडा १४,३०० वर जातो. एवढ्या पैशात साधी नवी गिटार आली असती. हौसेने केलेली मजुरी हिशेबात धरायची नाही आणि मग नफा झाला म्हणायचे, ही स्वतःचीच फसवणूक आहे.

मग मिळवले काय? मुका पिकअप घेऊन आम्ही मोटार वाइंडिंग करणाऱ्या एका मामांकडे गेलो. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मामांनी मीटर लावला, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, “वाइंडिंग जळालं नाही रे पोरांनो, टोक तेवढं तुटलंय.” एका टाक्याने आवाज परतला. सैल झालेल्या भोकांत आम्ही कठीण लाकडाच्या खुंट्या सरसाने ठोकून बसवल्या आणि नव्याने भोके पाडली. बारावीपर्यंत एकही अवजार न धरलेले चार वाणिज्य विद्यार्थी डाग देणे, तासणे, मोजणे शिकले. हा लाभ कोणत्या खात्यावर मांडायचा ते प्राध्यापकांनी सांगावे.

नंतर वाद पेटला तो रंगावरून. एकाचे म्हणणे, झकास लाल रंग मारू, नव्यासारखी दिसेल. मी विरोध केला. भाव उतरेल म्हणून नव्हे. आमच्या गिटारीला कसला आलाय भाव! त्या बँडवाल्याचा हात वर्षानुवर्षे जिथे टेकला, तिथला रंग गेला होता. ती झीज म्हणजे बिघाड नव्हे, ती नोकरीची नोंद आहे. जे वाजण्याच्या आड येते ते दुरुस्त करावे; जे नुसते म्हातारे दिसते त्याला हात लावू नये. शेवटी रंग राहिला.

याच कसोटीवर उलट टोकाचे उदाहरण पाहू. जॅको पास्टोरियस हा अमेरिकेचा थोर बेसवादक. त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकलेले होते, दांडीवर होड्यांना लावतात तसला इपॉक्सीचा लेप होता. संग्राहकाने कपाळाला हात लावावा असे काम, पण त्यातूनच त्याचा तो गाता आवाज निघाला. १९८० नंतरच्या दशकात त्या वाद्याचे अक्षरशः तुकडे झाले. केविन कॉफमन व जिम हॅमिल्टन या कारागिरांनी ते कोड्यासारखे जुळवले आणि पुढून-मागून लाकडाचा पातळ पत्रा चढवून ते पुन्हा उभे केले. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला ते चोरीस गेले, १९८७ मध्ये जॅकोही गेला. वाद्य वीसएक वर्षांनी सापडले. मूळपणाच्या हिशेबाने त्यात काय उरले होते? पण त्या दोघांनी ते वाजते केले, हे बरोबरच केले. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि २०२४ मध्ये त्याच्याकडे परतल्याचे जाहीर झाले. तीही दुरुस्त करावी लागली. त्याने ती काचेच्या कपाटात ठेवली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या कार्यक्रमात वाजवली.

ज्यांना अजूनही घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. आधी दांडी पाहा. डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून तिला पीळ आहे का बघा. नुसता बाक असेल तर आतली लोखंडी सळई फिरवून बहुधा निघतो. पीळ असेल किंवा सळई फिरतच नसेल तर नमस्कार करून परत या. पिकअपला मीटर लावा. रंग, गंज, ओरखडे यांना भिऊ नका. आणि कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका.

हे सारे परदेशी खूळ आहे, असे काही जण म्हणतील. त्यांनी मिरजेला जाऊन यावे. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथे तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तडकलेला भोपळा सांधून, जवारी काढून जुना तंबोरा पुन्हा मैफलीत बसवणे तिथे रोजचे काम आहे. गिटारीचेच म्हणाल, तर ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, आणि जगभरच्या गिटारींच्या दांडीवर आज दिसते ती बरीचशी भारतीय शिसवी, आपल्या सह्याद्रीत वाढणारे झाड.

म्हणून माझी एक सूचना आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनासाठी आपण वाद्ये भाड्याने आणतो, आणि बहुतेक महाविद्यालयांप्रमाणे आपल्याकडेही एका खोलीत भाता फाटलेली पेटी आणि पुडी गेलेला तबला धूळ खात पडलेले असतात. त्या खोलीची किल्ली, एक मीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि एका वर्षाच्या भाड्याइतके पैसे विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. शिकवायला गावातले कारागीर बोलवावेत. मराठी विभाग आणि कन्नड विभाग असा भेद तिथे करण्याचे कारण नाही. सैल झालेला स्क्रू दोन्ही भाषांत सैलच असतो. वर्षअखेरीस हिशेब मी लिहून देईन. नफा दिसणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. पेटी मात्र वाजेल.