कीबोर्डच्या बँडला जरा गप्प बसवा

महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांत गणपतीच्या दिवसांत तबलजी मिळणं कठीण असतं. मग कुणाच्या तरी नववी-दहावीतल्या मुलाचा पोर्टेबल कीबोर्ड पुढे येतो. डाव्या हाताला कॉर्ड, उजव्या हाताला चाल आणि मागे यंत्रातला अख्खा बँड. पण एखाद्या मावशी जुनं भावगीत धरतात आणि गिटार, ट्रम्पेट, ड्रम असे काही तुटून पडतात, की शब्द ऐकूच येत नाहीत. दुसऱ्या कडव्यात मावशी म्हणतात, ‘राहू दे रे बाळा,’ आणि खाली बसतात. पुढच्या वर्षी त्या गायला उठतच नाहीत.

यावर उपाय म्हणून मुलं इंटरनेटवरून नव्या स्टाईल शोधत बसतात. माझ्या मते त्याची गरज नाही. आहे तीच स्टाईल हलकी करा.

यामाहाच्या मोठ्या कीबोर्डमध्ये एका स्टाईलचे आठ भाग असतात: तालाचे दोन, बास, कॉर्डचे दोन, पॅड आणि फ्रेजचे दोन. गाणाऱ्याच्या आड येतात ते बहुतेक वेळा फ्रेज. मधूनमधून सुरांच्या छोट्या नक्षी काढणारे हेच ते शहाणे! दोन्ही फ्रेज बंद करा, पॅड बंद करा. ताल, बास आणि एक कॉर्ड ठेवा. आवाज किती मोकळा झाला ते लगेच कळेल. शिवाय ‘मेन ए’वरच राहा. बी, सी, डी असं पुढे जाल तशी गर्दी वाढते.

साध्या, स्वस्त कीबोर्डवर भाग वेगळे करण्याची सोय नसेल, तर ‘एसीएमपी’ किंवा ‘अकंपनिमेंट’ची कळ बंद करा. मग फक्त ताल वाजतो आणि डावा हात पेटीसारखा सूर धरायला मोकळा होतो. आरतीला एवढंच पुरतं, खरं तर शोभतंही हेच.

आता दादरा. सहा मात्रांची स्टाईल सापडली नाही की मुलं वॉल्ट्झ लावतात. तीन अधिक तीन, हिशेब बरोबर आहे, पण चाल पाश्चात्त्य नाचाची वाटते, कारण दर तीन मात्रांनी बास तेवढ्याच जोरानं आपटतो. दादऱ्यात ‘धा धी ना, धा तू ना’ म्हणताना ‘तू ना’पाशी डग्ग्याची घुमारी थांबते. म्हणून स्टाईल क्रिएटर असेल तर लांबी दोन मेझर ठेवा, दुसऱ्या मेझरमधला बास पुसून टाका आणि तालाच्या भागात तबल्याचे आवाज भरा. यामाहाच्या भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय मालिकेत तबल्याचे आवाज आणि भारतीय स्टाईल तयारच मिळतात. त्यावर हात बसवणं सोपं जातं.

स्वतः बास भरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. यामाहात मूळ कॉर्ड ‘सी मेजर सेव्हन’ धरून स्टाईल नोंदवतात. तुम्ही दुसरी कॉर्ड दाबली की यंत्र त्या हिशेबानं सूर सरकवतं. मायनर दाबली की शुद्ध गंधाराचा कोमल गंधार होतो. म्हणून पांढरी एक म्हणजे सा धरून सा, रे, ग, प, ध, नी एवढेच सूर वापरा. मध्यम टाळा, नाहीतर कॉर्ड बदलल्यावर तो खड्यासारखा लागतो. कॉर्ड आणि पॅडच्या भागात तर फक्त सा, ग, प, नी. इंट्रो आणि एन्डिंगला ही बंधनं नाहीत, तिथे हौस भागवून घ्या.

रूपक मात्र घाईनं करायला जाऊ नका. सात मात्रा, तीन-दोन-दोन अशी विभागणी, आणि पहिल्याच मात्रेवर खाली. तिथे ड्रमचा दणका ठेवलात तर जाणत्या माणसाच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. आधी हातानं टाळ्या वाजवून, मोजून बघा, मगच यंत्रात घाला.

लय गाणाऱ्याला विचारून ठरवा. आधी नुसतं गायला सांगा आणि ‘टॅप टेम्पो’ असेल तर त्यांच्या ठेक्यावर बोट टेकवा. तो आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी धांदल होत नाही.

आणि सगळं झाल्यावर सेव्ह करा. न साठवता दुसरी स्टाईल निवडली किंवा कीबोर्ड बंद केला, की केलेलं काम गेलं. एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवा. नाव ताल आणि लयीवरून द्या, ‘दादरा ८४’ असं, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्या कुणालाही सापडेल.