समुद्रातली खुरपणी

जालना जिल्ह्यातल्या अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर आहे, ती टेकडी माशाच्या आकाराची असल्याचं सांगतात. नवरात्रात तिथे मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते. समुद्र मात्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तालुक्यात पडणारं पावसाचं पाणी गोदावरीत उतरतं आणि थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं. अरबी समुद्राच्या वाट्याला त्यातला थेंबही येत नाही. तरीही मालवणजवळ पाण्याखाली वाढणाऱ्या प्रवाळाचं पुढे काय होणार, हा अंबडकरांचाही प्रश्न आहे. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जाणाऱ्या शाळांच्या सहली आणि सुट्टीत तारकर्लीला जाणारी कुटुंबं मराठवाड्यातूनही निघतात. शिवाय किनाऱ्यालगतच्या समुद्राचे नियम ज्या विधानसभेत ठरतात, तिथे जालना जिल्ह्याचे पाच आमदार बसतात.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा अवघा ३.१८२ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच गाभ्यात येतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली, त्याच्या भोवतालच्या खडकांवर आज प्रवाळ आहे, शेवाळ आहे, गोबरा आणि तांबोसा आहे, कपारींत शेवंड आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे.

पण प्रवाळ एकटं जगत नाही, आणि आपला कायदा नेमका इथेच तोकडा पडतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. या अन्नाच्या बळावर प्रवाळ चुन्याचा सांगाडा उभारत जातं. सांगाड्याच्या फटींत कृमी, खेकडे, कोळंबी आणि बोटाच्या पेराएवढे मासे राहायला येतात. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही, पण समुद्री जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जातींचा त्यांच्याशी संबंध येतो.

उष्ण कटिबंधातल्या स्वच्छ, निळ्या पाण्यात पोषणद्रव्यं फार थोडी असतात. मग इतक्या जीवांचं पोट भरतं कशावर? चार्ल्स डार्विनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कोड्याची उत्तरं अलीकडे एकेक करून हाती लागत आहेत. प्रवाळ आणि शेवाळातून पाण्यात विरघळणारं सेंद्रिय द्रव्य स्पंज शोषून घेतात आणि त्यांच्या झडलेल्या पेशी इतर जीवांचं अन्न बनतात, असं २०१३ साली कॅरिबियन समुद्रातल्या अभ्यासातून दिसलं. भित्तीवर जेवढं माशाचं मांस खाल्लं जातं, त्यातलं जवळजवळ ६० टक्के कपारींत लपणाऱ्या अगदी चिमुकल्या माशांचं असतं, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. हे मासे कुणाच्या ताटात येत नाहीत की कुठल्या लिलावात दिसत नाहीत. ते जन्मतात, काही आठवड्यांत कुणाच्या तरी पोटात जातात, आणि तेवढ्याच वेगाने पुन्हा नवे येतात. गोबऱ्याचं वजन शेवटी त्यांच्यावरच वाढतं.

अन्नसाखळीच्या एका पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळमानाने दहा टक्केच ऊर्जा पोचते. म्हणजे एक किलो सुरमई तयार व्हायला दहाएक किलो लहान मासळी लागते, आणि त्या लहान मासळीला शंभरेक किलो प्लवक. त्यामुळे तळाशी थोडी जरी ओढाताण झाली, तरी वरच्या माशांना ती फार मोठी पडते. तारली ही अशीच तळाजवळची मासळी. पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी ती टनावारी उपसली जाते आणि तिचा बराच भाग मत्स्यपीठ आणि माशाचं तेल काढणाऱ्या कारखान्यांत जातो. ते पीठ कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात. समुद्रापासून दूर असलेल्या गावाच्या ताटातही समुद्र या वाटेने येतो.

आता मुद्दा शाकाहारी जीवांचा. पोपटमासा, सर्जनमासा आणि समुद्री साळिंदर (सी अर्चिन) खडकावरचं शेवाळ सतत खरवडत असतात. शेतात खुरपणी चुकली की तण पिकाला दाबून टाकतं, तसंच इथेही घडतं: शेवाळ माजलं की प्रवाळाच्या पिल्लांना बसायला मोकळा खडक उरत नाही. जमैकाने हे भोगलं आहे. तिथे शाकाहारी मासे बेसुमार पकडले गेले होते. १९८० साली ॲलन चक्रीवादळाने भित्ती मोडली, १९८३ साली रोगाने समुद्री साळिंदर मेले आणि शेवाळ खाणारं कुणी उरलंच नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पन्नास टक्क्यांहून अधिक असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांखाली आलं. प्रवाळ तोडायला तिथे कुणी गेलं नव्हतं. अन्नजाळ्यातला एक धंदा बंद पडला, एवढं पुरेसं होतं.

बेलीझ या छोट्याशा देशाने २००९ साली पोपटमासा आणि सर्जनमासा पकडण्यावर सरसकट बंदी घातली. प्रवाळाला हात लावू नका, एवढं सांगून न थांबता त्या देशाने प्रवाळाची निगा राखणाऱ्यालाही संरक्षण दिलं. महाराष्ट्राने हाच धडा घ्यायला हवा.

मालवण म्हणजे कॅरिबियन नव्हे, हेही खरं. इथे पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, गाळ बसतो, आणि पावसानंतर सारगॅसम शेवाळाचं रानच उभं राहतं. ते रान इथल्या समुद्राचा स्वाभाविक भाग आहे, लहान मासळीचा आसरा आहे. गढूळपणा सोसणाऱ्या जातींचं प्रवाळच इथे टिकलं आहे. म्हणून परदेशातला नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. इथे कोण काय खातं, कुठल्या महिन्यात खातं, याची नोंद आधी व्हायला हवी. ही माहिती रापणकर आणि पातवाल्या मच्छीमारांकडे पिढ्यानपिढ्या साठलेली आहे. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून स्थानिक मच्छीमार त्याला विरोध करत आले, कारण त्यात त्यांना फक्त बंदी दिसली. तो विरोध रास्त होता. ज्यांच्या घराची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांना बाजूला ठेवून आखलेली रेषा समुद्रात टिकत नाही.

राज्याने काहीच केलेलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पर्ससीन मासेमारीच्या अभ्यासासाठी नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला गेला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. ही पावलं चांगलीच आहेत. पण ५४ जातींची ही यादी बाजारातल्या मासळीची आहे. ती एकेका जातीचा विचार करते, कोण कुणाला खातं याचा नाही.

त्यातच पाणी तापतं आहे. उष्णता वाढली की प्रवाळ आपल्या शरीरातली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मालवणमध्येही २०१४ पासूनच्या काही उन्हाळ्यांत संशोधकांनी असं विरंजन नोंदवलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. समुद्राचं तापमान मुंबईतून कमी करता येणार नाही. पण पांढरं पडलेलं प्रवाळ पुन्हा सावरायला वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात शेवाळ आवरणारे मासे तिथे हवेत. ते असतील की नाही, हे मात्र नक्कीच राज्याच्या हातात आहे.

निवतीच्या खडकांजवळ ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका तळाशी नेऊन तिथे कृत्रिम भित्ती आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला. पर्यटकांची काही गर्दी त्यामुळे मूळ प्रवाळावरून हटली, तर फायदाच आहे. मात्र लोखंडाच्या सांगाड्याभोवती मासे जमतात आणि जमलेले मासे पकडणं सोपं होतं. तिथे मासेमारीचे नियम ठरले नाहीत, तर ती भित्ती जाळ्यांच्याच सोयीची ठरेल.

मालवणच्या गाभ्यात आधी साध्या गोष्टी व्हाव्यात. होड्यांनी प्रवाळावर नांगर टाकू नये म्हणून बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत. एका वेळी किती पर्यटक पाण्यात उतरतील याची मर्यादा हवी. पर्यटनाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा पारंपरिक मच्छीमारांच्या संस्थांना मिळावा आणि देखरेखही त्यांच्याकडेच पगारी कामाने सोपवावी. शेवाळ खाणाऱ्या माशांना गाभ्यापुरतं नव्हे, तर सगळ्या अभयारण्यात संरक्षण द्यावं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांनी भरलेला बुडालेला पठारी प्रदेश आहे. तो राज्याच्या सागरी हद्दीबाहेर असल्यामुळे तिथला निर्णय केंद्रालाच घ्यावा लागेल. राज्याने त्यासाठी आग्रह धरावा.

आणि अंबडहून, जालन्याहून, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाहून मालवणला जाणाऱ्यांनी एवढं करावं: पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभं राहू नये, माशांना पाव-बिस्किटं टाकू नयेत, कारण पावाला सोकावलेला मासा शेवाळ खरवडायचं सोडतो. होडी ठरवताना नांगर कुठे टाकणार हे नावाड्याला विचारावं. आणि परत आल्यावर आपल्या आमदाराला मालवणच्या अभयारण्याबद्दल एक पत्र लिहावं.