धर्मपीठ कोणाच्या बाजूला?

ठाकुर्लीहून मुंबईकडे निघालेली गाडी ज्या ठाण्याला थांबते, तेथे 1879 साली उभारलेले ज्यूंचे सिनेगॉग आजही आहे. ते उभारणारा बेने इस्रायल समाज मूळचा कुलाबा जिल्ह्यातला, तेलाच्या घाण्यावर पोट भरणारा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा मराठी, आडनावे पेणकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली. या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हता. प्रार्थना हझान चालवी, कारभार मुकादम पाही.

रब्बीचे कर्तव्य कोणते, याचे उत्तर योआखिम प्रिन्झ यांच्या आयुष्यात सापडते. बर्लिनमधील हे रब्बी नाझी राजवटीविरुद्ध उघड बोलत राहिले; 1937 साली त्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे अमेरिकेत नेवार्क येथील उपासकांचे नेतृत्व करताना ते कृष्णवर्णीयांच्या लढ्यात उतरले. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आधी ते बोलले. द्वेष करणाऱ्यांपेक्षा गप्प राहणाऱ्यांचा अपराध मोठा, हा बर्लिनचा धडा त्यांनी अमेरिकेला ऐकविला.

नेमक्या त्याच काळात इस्रायलमधील धर्मपीठ मात्र उलट दिशेने चालले होते. समतेच्या आशेने तेथे गेलेल्या बेने इस्रायलींपैकी काही कुटुंबे भेदभावाविरुद्ध धरणे धरून 1952 सालीच भारतात परतली होती. त्यानंतर 1962 साली प्रमुख रब्बींच्या पीठाने फर्मान काढले: बेने इस्रायलींचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. कोकणातून गेलेल्या माणसाने आपल्या आजी-पणजीच्या कुळाचा दाखला द्यावा, असा हा न्याय! त्या समाजाने तो मुकाट्याने सोसला नाही. निदर्शने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. ऑगस्ट 1964 मध्ये तेथील संसदेने या समाजाच्या समान दर्जाचा पुरस्कार केला, आणि धर्मपीठाला फर्मानातून समाजाचे नाव वगळावे लागले.

पद तेच, ग्रंथही तेच; परंतु एक रब्बी पीडितांच्या मोर्चात उभा राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी रब्बींचेच पीठ दाराशी कुळ विचारीत बसले. धर्मसत्तेचे मूल्य तिच्या वचनांवरून नव्हे, तर ती कोणाच्या बाजूला उभी राहते यावरून ठरते. पंढरपूरचे दार हरिजनांना उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणास बसले, तेव्हा महाराष्ट्रापुढेही हाच प्रश्न होता.

मात्र यात केवळ परक्यांना दोष देऊन भागणार नाही. खुद्द बेने इस्रायलींमध्ये एकेकाळी ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. भोवतालच्या जातिव्यवस्थेची सावली त्यांच्यावरही पडली होती. ज्याच्यावर अन्याय होतो तो आपोआप समतावादी होत नाही. त्यासाठी त्याला स्वतःच्या घरातही लढावे लागते.

म्हणूनच ठाकुर्ली-डोंबिवलीच्या चाळीत वा सोसायटीत खोली देण्यापूर्वी आडनाव विचारले जाते, तेव्हा समाजवादी कार्यकर्त्याची परीक्षा होते. तेथे गप्प राहणारा कार्यकर्ता वॉशिंग्टनच्या मोर्चाचा गौरव कोणत्या तोंडाने करणार? समतेची लढाई जेरुसलेमइतकीच आपल्या जिन्यावरही लढावी लागते.