क्रोक पार्कचा अनुशेष



स्मरणिकेसाठी लेख पाठवा असा निरोप आला की मी आपला एखादं प्रवासवर्णन पाठवून मोकळा होतो. यंदा मात्र मी भांडायला बसलो आहे. विषय आहे गेलिक फुटबॉल. "तुम्ही अमरावतीचे, तुमचा या खेळाशी संबंध काय?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सोपं आहे. आमची धाकटी सहा वर्षांची असल्यापासून इथल्या क्लबात खेळते. दर शनिवारी सकाळी चिखलाने माखलेले बूट गाडीच्या डिकीत टाकून मी घरी येतो. आणि किल्डेअरमधल्या न्यूब्रिजसारख्या गावात राहून या खेळाविषयी मत नसणं म्हणजे कोल्हापुरात राहून कुस्तीविषयी मत नसण्यासारखंच आहे.

ज्यांच्या घरात अजून हा चेंडू शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीएए ही संघटना १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिचे दोन मुख्य खेळ. आयर्लंड बेटावरच्या बत्तीस काउंट्या एकमेकींविरुद्ध खेळतात, सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्याही. खेळाडूला पगार नाही. आठवडाभर शाळेत शिकवणारा किंवा गाई राखणारा मुलगा रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर खेळतो आणि सोमवारी सकाळी कामावर हजर होतो. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. साधारणपणे ज्या मातीत वाढलात तिच्यासाठीच खेळायचं.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं भांडण त्यावर उभं आहे. आमच्या विदर्भाने २०१७-१८ साली पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर होता आणि प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच. म्हणजे ज्याच्याकडे नव्हतं त्याने बाहेरून आणलं. यात गैर काही नाही, नियमात बसतं. पण लीट्रिम काउंटीला असं करता येत नाही. लीट्रिमची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ३५ हजारांच्या आसपास होती, डब्लिनची साडेचौदा लाखांहून जास्त. लीट्रिमला डब्लिनचा एखादा फॉरवर्ड उचलून आणता येत नाही. जी पोरं आहेत तीच. मग अशा खेळात समतोल राखायचा तर वरच्या संघटनेच्या हातात दोनच गोष्टी उरतात. पैसा कुठे द्यायचा आणि सामना कुठे खेळवायचा. या दोन्ही गोष्टींत वर्षानुवर्षं काटा एकाच बाजूला झुकलेला राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मैदानाचं सांगतो, कारण ते मी स्वतः पाहिलं. जून २०१८. किल्डेअर विरुद्ध मेयो, हरेल तो स्पर्धेबाहेर. सोडतीत किल्डेअरचं नाव आधी निघालं, म्हणजे नियमाप्रमाणे सामना आमच्या घरी, न्यूब्रिजच्या सेंट कॉनलेथ्स पार्कवर. मैदान लहान, तेव्हा आठ हजारांच्या आसपास माणसं मावायची. मेयोचे पाठीराखे तर संख्येने प्रसिद्ध. जीएएने सुरक्षेचं कारण पुढे करून सामना डब्लिनला क्रोक पार्कवर हलवला. किल्डेअरने सांगितलं, आम्ही येत नाही. व्यवस्थापक कियन ओ'नील टीव्हीवर जाऊन तसं बोलले. सामना सोडल्याचं धरलं जाईल, अशी तंबी मिळाली. तरी नाही. गावात एकच घोषणा झाली, 'न्यूब्रिज, नाहीतर कुठेच नाही'. मंडळी, मी इतकी वर्षं या देशात आहे, पण ही शांत माणसं एवढी पेटलेली मी पहिल्यांदा पाहिली. आमच्या शेजारचे आजोबा (इथे सगळ्यांना नावाने हाक मारतात, पण माझी जीभ वळत नाही) रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन बातमी सांगायचे. काही दिवसांत जीएएने माघार घेतली. ३० जूनला सामना न्यूब्रिजलाच झाला.

मला तिकीट मिळालं नाही. त्या उन्हाळ्यात कधी नव्हे ती उष्णतेची लाट होती, आजोबांच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. टीव्हीवर गुण दिसायच्या आधी मैदानावरचा आरडाओरडा खिडकीतून आत यायचा, त्यामुळे काय होणार ते आम्हाला दोन-तीन सेकंद आधी कळायचं. २१ विरुद्ध १९, किल्डेअर जिंकलं. आदल्या वर्षी अंतिम सामना खेळलेल्या मेयोला हरवलं. किल्डेअरने अखिल आयर्लंड विजेतेपद शेवटचं मिळवलं १९२८ साली, आजोबांच्या जन्माच्याही आधी. त्या रात्री त्यांनी मला व्हिस्की पाजली आणि म्हणाले, घरचं मैदान म्हणजे काय ते आता तुला कळलं.

आता त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट पाहा. 'सुपर एट' नावाचा नवा टप्पा त्या वर्षी सुरू झाला. प्रत्येक संघाला एक सामना घरी, एक समोरच्याच्या घरी आणि एक तटस्थ मैदानावर. किती छान! फक्त तटस्थ मैदान म्हणजे क्रोक पार्क, आणि डब्लिनने आपलं घरचं मैदान म्हणूनही क्रोक पार्कच दिलं. तटस्थ सामना डनीगॉलशी, क्रोक पार्कवर. घरचा सामना रॉसकॉमनशी, क्रोक पार्कवर. डनीगॉलच्या लोकांनी तक्रार केली तर त्यांनाच रडके ठरवण्यात आलं. स्वतःच्या ओसरीवर खेळायचं आणि तिला चावडी म्हणायचं, असला हा प्रकार.

आणि हे काही एका उन्हाळ्यापुरतं नव्हतं. २००६ साली डब्लिनचा संघ लाँगफर्डला जाऊन खेळला. त्यानंतर लेन्स्टर प्रांताच्या स्पर्धेतला डब्लिनचा क्रोक पार्कबाहेरचा पुढचा सामना झाला २०१६ मध्ये, किल्केनीला. मधली दहा वर्षं लाउथ असो, वेक्सफर्ड असो की आमचं किल्डेअर असो, प्रत्येकाने डब्लिनला यायचं, आपल्या पेट्रोलने.

"अहो, पण ८२ हजार माणसं मावतील असं दुसरं मैदान आहे कुठे?" हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. बरोबर आहे. अंतिम सामना क्रोक पार्कवरच व्हावा, उपांत्यही होऊ देत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या मैदानाला इतिहास आहे. २१ नोव्हेंबर १९२० ला ब्रिटिश दलांनी तिथे गोळीबार करून चौदा जणांना मारलं, त्यांत टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. तिथे गेलं की आपोआप आवाज खाली येतो. डब्लिनचं स्वतःचं पार्नेल पार्क लहान आहे, हेही खरं. पण थर्ल्स, लिमरिक, कॉर्क या तिन्ही ठिकाणी चाळीस हजारांहून जास्त माणसं मावणारी मैदानं आहेत आणि वर्षातले बहुतेक दिवस ती रिकामी असतात. जो सामना पंचवीस हजार लोक पाहणार त्याला ८२ हजारांचं मैदान कशाला हवं?

महिलांच्या फुटबॉलची संघटना वेगळी, पण सवय तीच. डिसेंबर २०२० मध्ये कॉर्क आणि गॉलवे यांच्या मुलींचा उपांत्य सामना होता. एक संघ दक्षिणेचा, एक पश्चिमेचा. सामना आधी लिमरिकला ठरला, मग हलवून डब्लिनच्या पार्नेल पार्कला नेला, तिथे मैदान गोठलं म्हणून ऐनवेळी क्रोक पार्कला, आणि वेळही अर्धा तास अलीकडे ओढली. गॉलवेच्या मुलींना सरावाला धड दहा मिनिटंही मिळाली नाहीत. ही बातमी मी मुलीला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्या मुली रात्रीच निघाल्या असतील ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पैशाकडे येतो. २००२ साली जीएएच्या एका समितीने (पीटर क्विन तिचे अध्यक्ष) दोन गोष्टी मांडल्या. राजधानीत सॉकर आणि रग्बी पोरं पळवताहेत, तेव्हा डब्लिनमध्ये खेळ रुजवायला जोर लावा. आणि डब्लिन फार मोठं झालं आहे, तेव्हा त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन संघ करा. पहिली गोष्ट झाली, दुसरी झाली नाही! पैसा आला, वाटणी टळली. २००७ ते २०१८ या काळात खेळविकासासाठी म्हणून डब्लिनला सुमारे १ कोटी ८० लाख युरो मिळाले. दुसऱ्या कोणत्याही काउंटीच्या कितीतरी पट. नोंदणीकृत खेळाडूंच्या संख्येने भागलं तरी डब्लिन सगळ्यांच्या पुढेच होतं, त्यामुळे "लोकसंख्या जास्त म्हणून पैसे जास्त" हा हिशोब जुळत नाही. त्या पैशातून क्लबांना पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाले. निम्मा पगार क्लबाने द्यायचा, निम्मा अनुदानातून. ते शाळाशाळांत जाऊन सात-आठ वर्षांच्या मुलांना चेंडू पकडायला शिकवायचे. आमच्या क्लबातल्या मुलींना जो शिकवतो तो ट्रक चालवतो, आणि शनिवारी झोप मोडून येतो.

डब्लिनने २०१५ ते २०२० सलग सहा वेळा अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं. असं पूर्वी कोणालाच जमलं नव्हतं. लेन्स्टरचं विजेतेपद तर २०११ पासून २०२४ पर्यंत सलग चौदा वेळा. डब्लिनकर वाचकहो, तुमच्या मुलांच्या अंगावरची निळी जर्सी काढून घ्यायला मी आलेलो नाही. नुसत्या पैशाने स्टीफन क्लक्स्टनसारखा गोलरक्षक घडत नाही, हे मलाही कळतं. त्याच डब्लिनला हर्लिंगमध्ये १९३८ नंतर विजेतेपद मिळालेलं नाही, आणि त्याहून कितीतरी लहान किल्केनीने ३६ वेळा ते जिंकलं आहे. परंपरा, वेड, घराघरातली काठी, हे सगळं लागतंच. पण म्हणून पैशाचा काहीच परिणाम नाही, असं म्हणायचं असेल तर मग तो मागितला कशाला आणि दिला कशाला?

"२०२५ मध्ये मीथने डब्लिनला हरवलं आणि लाउथने १९५७ नंतर पहिल्यांदा लेन्स्टर जिंकलं, मग आता रडता कशाला?" असं आमच्या ऑफिसातला एक डब्लिनकर मला विचारतो. लाउथ जिंकलं त्या दिवशी मीही नाचलो. पण वळवाच्या एका सरीने दुष्काळ हटत नाही. त्याच २०२५ च्या जानेवारीत लीट्रिमकडे लीगचा एक सामना खेळायला पुरेसे धडधाकट खेळाडू नव्हते, म्हणून त्यांनी तो फर्मानाला सोडून दिला. आमचं किल्डेअर दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत घसरलं. २०२५ मध्ये ती स्पर्धा जिंकलं म्हणून आम्ही गाड्यांना पांढरे झेंडे लावले, पण आजोबा म्हणाले ते खरं, ही नापासांच्या वर्गातली पहिली श्रेणी. अनुदान वाटायची पद्धत अलीकडे बदलली, हे चांगलंच झालं. मात्र २०१० साली सात वर्षांचं असलेलं पोर आता पुन्हा सात वर्षांचं होणार नाही.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अनुशेष. मी तो आजोबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. १९५३ चा नागपूर करार, मग १९८३ साली नेमलेली दांडेकर समिती, विदर्भ-मराठवाड्याच्या वाट्याचे न बांधलेले रस्ते, न झालेली धरणं यांची मोजदाद. आज समान वाटप सुरू केलं तरी कालचं राहिलेलं वेगळं मोजून भरून द्यावं लागतं, हे त्यांना चटकन पटलं. "मग तुमच्याकडे भरून दिलं का?" असं त्यांनी विचारलं, आणि मी चहाचं पाणी ठेवायला आत गेलो. (सगळा दोष वरच्यांचाच असतो असंही नाही. कॉर्कचं नवं मैदान २०१७ मध्ये उघडलं तेव्हा खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला होता, आणि ते काही डब्लिनने बांधलं नव्हतं. आमच्या विदर्भातल्या पुढाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, स्मरणिकेची पानं मोजकी आहेत.)

आणि आता घरचं भांडण. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव डब्लिनला. दिवाळी डब्लिनला. संक्रांतीचं हळदीकुंकू डब्लिनला. वर्गणी मात्र कॉर्क, गॉलवे, लिमरिक, लेटरकेनी सगळ्यांना सारखीच. कॉर्कची एक मैत्रीण माझ्या बायकोला सांगत होती, दोन लहान मुलं मागे बसवून अडीचशे किलोमीटर यायचं, आरती होईपर्यंत धाकटं झोपलेलं, जेवणाच्या रांगेत पुरणपोळी संपलेली, आणि रात्री एक वाजता परत घरी. हा विषय मी मागच्या सर्वसाधारण सभेत काढला. उत्तर मिळालं, "हॉल तिथेच मोठे मिळतात, केटरर तिथलाच आहे, आणि बहुतेक सभासद डब्लिनचेच ना!" मंडळी, हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं सांगू? बहुतेक सभासद डब्लिनचे आहेत कारण बाकीच्यांनी यायचं सोडलं आहे. पुढे वेळेअभावी चर्चा आटोपती घेण्यात आली, आणि आम्ही सगळे जेवायला उठलो.

माझी मागणी साधी आहे. तीन कार्यक्रमांपैकी एक दरवर्षी डब्लिनबाहेर. पोर्टलीशजवळ कॉर्क आणि लिमरिककडचे दोन्ही महामार्ग एकत्र येतात, तिथे दिवाळी करू. पुढच्या वर्षी ॲथलोनला, म्हणजे गॉलवेकरांची सोय होईल. आणि डब्लिनबाहेरून येणाऱ्या कुटुंबांना वर्गणीत सूट, निदान पेट्रोलपुरती. पोर्टलीशच्या एका शाळेच्या हॉलचं भाडं मी विचारून ठेवलं आहे. आपण डब्लिनला भरतो त्याच्या निम्म्याहून कमी आहे, तीनशे खुर्च्या आहेत, स्वयंपाकघर मोठं आहे आणि पार्किंग फुकट आहे. कार्यकारिणीपैकी कोणी बघायला येणार असेल तर शनिवारी दुपारी मुलीचा सराव संपला की मी मोकळा असतो.