डब्यावरचा जमाखर्च

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबातील एकोणीस वर्षांचा मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागला आणि दोन महिन्यांत घरात तीन डबे आले. एक प्रथिनांच्या भुकटीचा, दुसरा क्रिएटिनचा आणि तिसरा पिवळसर पारदर्शक कॅप्सूलांचा. एका संध्याकाळी आजींनी सहज विचारले, म्हणून धाकट्या नातीने तिसऱ्या डब्यावरील बारीक अक्षरे वाचून दाखविली: माशाचे तेल आणि जिलेटिन. मुलाला त्याची कल्पनाच नव्हती. प्रशिक्षकाने सांगितले आणि त्याने आणले. आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला.

हाताच्या तळव्यावर नमुना घेतल्याशिवाय पोते उतरवून न घेणाऱ्या घरात ही चूक घडावी, हे विचार करण्याजोगे आहे. हजारो रुपयांचा डबा विकत घेताना मालाची पारख करण्याची जुनी सवय नेमकी कोठे जाते?

डब्याच्या पाठीमागचा मजकूर हा ताळेबंदासारखा वाचावा लागतो. घटक उतरत्या वजनाने लिहिलेले असतात. पहिले दोन-तीन पाहिले की मालाची जात कळते. हिरवे वर्तुळ शाकाहाराचे आणि तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा, ही खूण खाद्यपदार्थांवर असते. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांवर ती असेलच असे नाही. जिलेटिन जनावरांच्या कातडी व हाडांपासून होते. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलाही मिळतात. त्यांवर एचपीएमसी किंवा सेल्युलोज असा उल्लेख असतो. ‘ड ३’ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून तयार होते. ज्यांना ते नको असेल त्यांनी यीस्टपासूनचे ‘ड २’ किंवा दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासूनचे ‘ड ३’ मागावे. मठ्ठ्याच्या पाण्यासारखा जो ‘व्हे’ त्याची भुकटी चीज करताना उरलेल्या पाण्यापासून होते. दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले की सूक्ष्मजीवांपासूनचे, हे उत्पादकाला लेखी विचारावे. क्रिएटिन मात्र मांसात आढळत असले तरी बाजारातील भुकटी रासायनिक प्रक्रियेने बनते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो, त्यामुळे रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास त्याला उपयोग होण्याचा संभव अधिक. ते घेत असताना रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावे, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

आता खोट्या नोंदींविषयी. प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत अशी की पदार्थातील नायट्रोजन मोजावयाचा आणि त्यास ६.२५ ने गुणावयाचे. नायट्रोजन कोठून आला हे ती पद्धत विचारीत नाही. म्हणून काही उत्पादक ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त द्रव्ये मिसळून आकडा फुगवितात. उलाढाल मोठी दिसावी म्हणून आपल्याच दोन पेढ्यांत बिले फिरवावीत, तसाच हा प्रकार. २००८ साली चीनमध्ये बालकांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळले गेले तेही याच पळवाटेने, आणि लाखो बालके आजारी पडली. घटकांत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे लिहिलेले दिसले, अथवा ‘स्वतःचे खास मिश्रण’ म्हणून प्रमाणे झाकली असतील, तर डबा परत ठेवावा.

किंमत तरी काय पडते? समजा, एक किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे आणि ३३ ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रथिने आहेत. सुमारे ३० मापे, म्हणजे ७२० ग्रॅम प्रथिने. प्रत्येक ग्रॅम सव्वातीन रुपयांच्या वर. हरभऱ्याची डाळ १०० रुपये किलो धरली तर तिच्यात २०० ग्रॅमच्या आसपास प्रथिने, ग्रॅमला अर्धा रुपया. साय काढलेल्या दुधाची भुकटी ४०० रुपये किलोने घेतली तर ३५० ग्रॅम प्रथिने, ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. डाळीचे प्रथिन दुधाइतके सहज अंगी लागत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण डाळीसोबत पोळी किंवा भात असला की एकाची उणीव दुसरे भरून काढते. कच्चे दही आणि कडधान्य एकत्र न खाण्याचा द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यावीत, एवढेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलून स्नायू वाढवावयाचे असतील तर १.४ ते २ ग्रॅमपर्यंत जावे लागते. साठ किलोच्या मुलास १.६ च्या दराने ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून १६, शंभर ग्रॅम पनीरमधून १८, तीस ग्रॅम दुधाच्या भुकटीतून १०, डाळ व हरभरे मिळून ११० ग्रॅममधून २५, सहा पोळ्यांतून २०, मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज जवळपास जुळते, आणि एकही डबा उघडावा लागत नाही. भुकटीला विरोध नाही. सवड नसलेल्या दिवशी ती सोयीची आहे. परंतु तिने उंची वाढते हा समज सोडावा. हाडांच्या टोकांची वाढ किशोरवयाच्या अखेरीस थांबते, आणि ती कोणत्याही डब्याने पुन्हा सुरू होत नाही.

खनिजांत लोह व जस्त यांकडे अधिक लक्ष हवे, कारण धान्य-कडधान्यांतील फायटेट त्यांचे शोषण रोखते. रात्रभर भिजविल्याने तो दोष कमी होतो. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. चहा मात्र जेवणाबरोबर नको. कॅल्शियमसाठी दूध, तीळ आणि नाचणी आहेतच. खरी उणीव बी-१२ ची. ते वनस्पतींत नसते आणि दुधातून मिळते ते सर्वांना पुरत नाही. त्याची गोळी जिवाणूंच्या किण्वनाने बनते. रक्त तपासून ती घेण्यास संकोच नको.

राहिला चौविहाराचा प्रश्न. व्यायामानंतर अर्ध्या तासात भुकटी घेतलीच पाहिजे, असे प्रशिक्षकाने मुलाला बजावले होते. व्यायाम रात्री साडेआठला, म्हणून सूर्यास्तानंतर खाणेही सुरू झाले. प्रत्यक्षात व्यायामानंतर स्नायू जवळपास दिवसभर प्रथिने ग्रहण करण्यास सज्ज असतात; दिवसाची एकूण बेरीज अधिक महत्त्वाची. मुलाने आता पहाटे सहाची वेळ घेतली आहे. घरी येईपर्यंत सूर्योदय होऊन अठ्ठेचाळीस मिनिटे उलटलेली असतात, नवकारसी पाळून न्याहारी होते, आणि सायंकाळचे जेवण दुकानातच डब्यातून, दिवस मावळण्यापूर्वी. महिनाभराने वजन किती वाढले याची नोंद आजी स्वतः पेढीच्या जुन्या वहीत करवून घेतात. माशाच्या तेलाचा डबा मुलाने दुकानदाराला परत नेऊन दिला. पैसे मिळाले नाहीत.