कर परक्या देशाचा, वसुली आपल्या कोर्टाची?

समजा, दिवाळे गावातला एखादा पोरगा दुबईला गेला, धंदा टाकला, धंदा बुडाला आणि तो घरी परतला. मागे दोन देणी राहिली. एक बँकेचं कर्ज, दुसरं तिथल्या सरकारचा थकलेला व्हॅट.

बँक त्याच्या मागे इथपर्यंत येऊ शकते. जानेवारी २०२० मध्ये भारताने यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली मान्यता दिली. त्यामुळे तिथल्या कोर्टाच्या हुकूमनाम्याची वसुली आपल्या जिल्हा न्यायालयातून करता येते. व्हॅटचं मात्र तसं नाही. कर आणि दंडाच्या रकमा याच कलमाने वगळल्या आहेत.

असं का? हा नियम मूळचा इंग्रजी कोर्टांचा, अठराव्या शतकापासूनचा. त्याचा फटका खुद्द भारताला बसलाय. दिल्लीत वीज पुरवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने १९४७ मध्ये आपला कारभार भारत सरकारला विकला. पैसा इंग्लंडला गेला आणि पुढे कंपनी गुंडाळली गेली. भारताने त्या विक्रीच्या नफ्यावरचा कर मागितला. १९५५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया विरुद्ध टेलर’ खटल्यात ही मागणी फेटाळली. याउलट विजय मल्ल्या प्रकरणात बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा निकाल लंडनच्या हायकोर्टाने २०१८ मध्ये कायम ठेवला, कारण ते बँकांचं कर्ज होतं.

न्यायाधीशांचं म्हणणं असं की कर लावणं ही सत्तेची ताकद आहे आणि ती सरहद्दीपलीकडे चालत नाही. ही भीती अगदीच खोटी नाही. व्होडाफोनने सुप्रीम कोर्टात खटला जिंकल्यावर २०१२ मध्ये आपल्याच सरकारने मागच्या तारखेपासून कर लावणारी दुरुस्ती केली. तो कर २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. असा कर दुसऱ्या देशातल्या कोर्टाने डोळे मिटून वसूल करून द्यायचा का?

पण या नियमाचा फायदा कुणाला होतो तेही बघा. नोकरदाराचा टीडीएस पगार हातात येण्याआधीच कापला जातो. पळवाट मिळते ती पैसा देशाबाहेर हलवू शकणाऱ्यालाच.

म्हणून हा निर्णय एकेका न्यायाधीशावर सोडू नये असं मला वाटतं. तो सरकारांनी करार करून घ्यावा. युरोपियन युनियनमधले देश एकमेकांचा थकलेला कर वसूल करून देतात. आपल्याही १९६१ च्या आयकर कायद्यात कलम २२८अ मध्ये अशा करारांची सोय होती. करविषयक परस्पर मदतीचा बहुपक्षीय करार २०१२ पासून भारताला लागू आहे. पण त्यात वसुलीचा भाग नाकारायची मुभा प्रत्येक देशाला आहे.

अशा करारांत दोन अटी हव्यातच. कराची मागणी तिथल्या अपिलांतून अंतिम झालेली असावी. आणि इथल्या माणसाला जप्तीआधी आपलं म्हणणं मांडता यावं. एवढं झालं, तर दुबईचा व्हॅट इथे वसूल व्हायला माझी हरकत नाही. उद्या आपल्यालाही आपला कर तिथून आणायचाच आहे.